प्रतिभाच्या फोनची बॅटरी कोण खातं

नाशिकजवळच्या म्हसरूळमधल्या प्रतिभाचा कशावरच पटकन विश्वास बसत नाही. शेजारणीने आपण होऊन वाटीभर साखर जास्त दिली, तर ही बाई त्या साखरेत मुंग्या शोधणार. डॉक्टर "काही झालेलं नाही" म्हणाले, की हिला वाटणार काहीतरी मोठं झालंय आणि लपवतायत. नवरा नुसता हसला तरी ती विचारते, काय झालं म्हणून. अशा बाईच्या हातात तिच्या मुलाने, कुंदनने, भला मोठा स्क्रीन असलेली गाडी दिली, तिथेच चुकलं म्हणायचं.

तशी बाई कामाला वाघ, हेही आधीच सांगितलेलं बरं. घरची दोन एकर फुलशेती आहे. शेवंती, झेंडू, निशिगंध आणि बांधाकडेला थोडा गुलाब. नवरा गोटीराम मातीत दिवसभर राबतो, पण मोटरसायकलीच्या पुढे त्याने कधी काही चालवलं नाही. गाडी चालवते ती प्रतिभा. चाळिशी उलटल्यावर शिकली, तेव्हा गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. आता त्याच बायका दवाखान्यात जायचं असलं की "प्रतिभाताई, जरा सोडता का" म्हणून दारात उभ्या असतात. ती सोडते, फक्त दारं नीट लागली का ते स्वतः उतरून बघते. रोज सकाळी गणेशवाडीच्या फूलबाजारात माल टाकायचा आणि दर शुक्रवारी येवल्याला जायचं, हा तिचा नेम. येवल्यातल्या एका पैठणीच्या दुकानात लक्ष्मीच्या तसबिरीला हार आणि दाराला तोरण हिच्याकडूनच जातं.

येवल्याहून नाशिकला यायचा सरळ रस्ता विंचूर-निफाडवरून. प्रतिभा मात्र मनमाडकडे गाडी घालते आणि चांदवडवरून वळसा मारून येते, कारण चांदवडला तृप्ती राहते.

तृप्ती ही तिची थोरली लेक. चार वर्षांपूर्वी तिने मयूरशी लग्न केलं. मुलगा शाळेत मास्तर, स्वभावाने गरीब, दारू नाही की तंबाखू नाही, पण जात दुसरी. गोटीरामने अंगणात उभं राहून सगळ्यांच्या देखत सांगितलं, "आजपासून या घरात तिचं नाव नाय. जो कोणी तिचा उंबरा चढंल त्यानं माझा उंबरा विसरायचा." गोटीराम बोलतो कमी, आणि बोलला की तेच धरून बसतो. त्या दिवसापासून घरात तृप्तीचं नाव कोणी काढलं नाही. प्रतिभानेही नाही. पुढे तृप्तीला मुलगा झाला, साई नाव ठेवलं, हे तिला बाहेरून कळलं आणि मग काही तिच्याच्याने राहवलं नाही. तेव्हापासून शुक्रवारी तासभर ती लेकीकडे असते. नातवाला मांडीवर घेते, लेकीच्या हातचा चहा पिते आणि घरी येऊन सांगते की रस्त्यात कांद्याचे ट्रॅक्टर आडवे आले. पहिल्याच दिवशी तिने तृप्तीला बजावलं होतं, "आपल्या घरात कोणाला नुसता वास जरी लागला, तरी माझं येणं बंद. तुझ्यापायी मी तिकडचं घर मोडून घेणार नाही, आणि तिकडच्या घरापायी तुला तोंडघशी पाडणार नाही."

तिचं सगळं या एकाच गोष्टीवर उभं होतं. कोणाला कळता कामा नये.

गाडी आली तेव्हा कुंदनने फोन वायरीने स्क्रीनला जोडून दाखवला. फोन आला की गाडीतच बोलायचं, गाणी लावायची, रस्ता बघायचा. त्यातल्या गाण्यांचं तिला काही नव्हतं, पण नकाशा मात्र तिला फार आवडला. चांदवड मार्केटला कांद्याच्या गाड्यांची रांग कुठवर आलीय ते तो आधीच लाल करून दाखवायचा. तृप्ती नव्या घरी राहायला गेली तेव्हा तिने पत्ता फोनवर पाठवला, आणि प्रतिभाने त्यावर बोट ठेवलं की झालं काम. नकाशाचं तिच्या मनात असं होतं, की नाक्यावरच्या माणसाला रस्ता विचारावा, त्याने हात करून दाखवावा, आपण पुढे निघावं आणि त्याने विसरून जावं. या एका बाबतीत मात्र जगावर विश्वास न ठेवणारी ही बाई अगदी निर्धास्त होती.

तिचा संशय होता तो बॅटरीवर. सकाळी भरलेला फोन येवल्याला पोचेपर्यंत अर्धा व्हायचा आणि हाताला चटका बसेल इतका तापायचा. वायर लावलेली, म्हणजे चार्जिंग चालू, आणि तरी भरायच्या ऐवजी उतरतोय, हे काय गौडबंगाल? तिने सुनेला विचारलं. निकिता, कुंदनची बायको, घरात येऊन दीडेक वर्ष झालेली, मोबाइलचं तिला बरंच कळायचं.

"आई, तुम्ही फोन काचेपाशी उन्हात ठेवता, म्हणून तापतो. आणि नकाशा सारखा चालू, त्यात स्क्रीनचा उजेड पूर्ण. उजेड कमी करा, सावलीत ठेवा आणि वायर चांगली घ्या. ही वायर फोनबरोबरची नाही, हिच्यातून चार्जिंग कमी जातं."

एवढं सरळ उत्तर मिळाल्यावर दुसरी कोणीही बाई गप्प बसली असती. प्रतिभाला वाटलं, हिच्याकडे उत्तर तयारच कसं होतं?

त्यात एका शुक्रवारी संध्याकाळी तिने बघितलं. फोन बाहेरच्या खोलीत फळीवर चार्जिंगला लावलेला, आणि निकिता तो हातात घेऊन अंगठ्याने काहीतरी सरकवत उभी. प्रतिभाचा पायरव ऐकू आला तशी तिने फोन जागेवर ठेवला.

"काय बघत होतीस गं?"

"काही नाही, आई. चार्जिंग किती झालं ते बघत होते."

पुढच्या शुक्रवारी प्रतिभा मुद्दाम पडद्याआड थांबली. निकिता आली, इकडेतिकडे बघून तिने फोन उघडला, अंगठा चालवला आणि ठेवून दिला. सोमवारी नाही, बुधवारी नाही, नेमका शुक्रवारीच चार्जिंगचा कळवळा येतो होय, असं प्रतिभा मनात म्हणाली. सून आपल्यावर नजर ठेवून आहे. आज ना उद्या ती सासऱ्याच्या कानावर घालणार. मग साईला मांडीवर घ्यायचं विसरा.

फूलबाजारात तिच्या शेजारी हार ओवत बसणाऱ्या चिमणाबाईने या आगीत तेल ओतलं. "फोन उगीच तापायला लागला की समजायचं, कोणीतरी आत बसून बघतंय," ती म्हणाली. "माझ्या भाच्याच्या फोनात असंच घातलं होतं. सगळं वायरीतून घालतात."

झालं. प्रतिभाने त्याच दिवशी गाडीतली वायर उपटली आणि घरी आणून तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवली. आता बघते कशी बघतेस ते. पण गाडी सुरू केली तर फोन वायरीविनाच स्क्रीनला जोडला गेला. कुंदनने तशीही सोय करून ठेवली होती, हे तिला कुठलं ठाऊक? त्या शुक्रवारी मनमाड गाठेपर्यंत फोनने लाल बत्ती दाखवली. आधी निदान वायरीतून थोडंफार चार्जिंग तरी मिळत होतं, आता तेही बंद. प्रतिभाने मात्र त्याचा अर्थ आपल्या पद्धतीने लावला. आपल्याला कळलंय हे सुनेला कळलं, आणि आता ती जास्त जोर लावतेय.

"आई, वायर का काढलीत?" निकिताने विचारलंच. "हवेतून जोडला की फोनला दुप्पट काम पडतं. वायर असलेली बरी."

वायरीचा एवढा पुळका बघून प्रतिभाची खात्रीच पटली. तिने मोबाइलच्या दुकानात जाऊन फोन उघडायचा कुलूप-नंबर बदलून घेतला. त्या शुक्रवारी संध्याकाळी निकिताने फोन उचलला, तो उघडेना, आणि तिचं तोंड असं उतरलं की पडद्याआडून बघणाऱ्या प्रतिभाला आतून गुदगुल्या झाल्या.

"लॉक बदललंत का, आई?"

"हो. का बरं?"

"काही नाही." निकिता जरा घुटमळली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मग एक करत जा. नकाशा वापरून झाला की त्यात जुने रस्ते राहतात, ते पुसत जा. कसं पुसायचं ते दाखवू का मी?"

"राहू दे. माझं मी बघेन." फोन पुन्हा हातात घ्यायला काय काय युक्त्या करते, बघा. प्रतिभाने फोन कमरेला खोचला आणि तेव्हापासून रात्री झोपतानाही तो उशीखाली ठेवायला लागली.

तो आणि पुढचा असे दोन शुक्रवार गेले. तिसऱ्या शुक्रवारी चांदवडला पोचण्याआधीच फोन बंद पडला. तृप्ती दारातच उभी होती, तोंड काळजीने सुकलेलं. "आई, मी किती वेळा फोन केला. मला वाटलं रस्त्यात काही झालं."

"अगं, तुझ्या भावजयीने माझ्या फोनात काहीतरी घातलंय. नजर ठेवते माझ्यावर. इथे येते ते तिला कळलेलं दिसतंय."

तृप्तीचा हात चहाच्या पातेल्यावर थांबला. "निकिता तशी नाहीये, आई."

"तुला काय माहीत ती कशी आहे? तू कधी बघितलीस तरी का तिला? तुझं लग्न झाल्यावर ती घरात आली." प्रतिभाने साईला जवळ ओढलं. "तिने सांगायच्या आत मीच काहीतरी करते. नाहीतर या पोराचं तोंड मला दिसायचं नाही."

"आई, तू काही करू नकोस. माझं ऐक." तृप्ती आणखी काही बोलणार होती, पण आईचे डोळे भरलेले बघून तिने चहा गाळायला घेतला. एवढंच म्हणाली, "तुझं येणं बंद व्हायला नको गं, आई, मग काय वाटेल ते होऊ दे."

परतीच्या वाटेवर प्रतिभाने ठरवून टाकलं. सुनेने चुगली करायच्या आधी सुनेचीच चुगली करायची. चोरून फोन बघणारी म्हणून तिचं नाव एकदा खराब झालं, की उद्या ती चांदवडचं काही बोलली तरी गोटीराम म्हणेल, हिचं काय ऐकायचं. हे तिला फार हुशारीचं वाटलं. संध्याकाळी गोटीराम जेवायला बसला, कुंदन कंपनीत दुसऱ्या पाळीला गेलेला, निकिता चुलीशी भाकऱ्या थापत होती. तिला ऐकू जाईल अशा आवाजात प्रतिभा म्हणाली, "अहो, माझ्या फोनला घरातलंच माणूस हात लावतंय. काहीतरी घातलंय आत. सकाळी भरलेला फोन दुपारी मरतो."

गोटीरामने घास खाली ठेवला. "कोण?"

"मी दोनदा डोळ्यांनी बघितलंय." तिने चुलीकडे मान केली.

भाकरी थापायचा आवाज थांबला. निकिताने मागे वळून बघितलं नाही. गोटीरामने ताट पुढे सारलं आणि म्हणाला, "उद्या बघून येऊ कोण काय घालतंय ते. तिनं काही केलं असंल तर चार महिने माहेरी जाऊन बसंल."

आता नवरा सुनेला चार शब्द सुनावेल आणि विषय मिटेल, असा प्रतिभाचा हिशेब होता. पण सकाळी गोटीराम धुतलेला शर्ट घालून गाडीत तिच्या शेजारी येऊन बसला. नको म्हणायला तोंड कुठे राहिलं होतं? बोंब तिनेच मारली होती.

नाशिकमध्ये द्वारका चौकाजवळच्या गल्लीत गाड्यांना स्क्रीन बसवून देणाऱ्याचं दुकान आहे. दुकानदार जाडगेला, तोंडात सुपारी, एका गाडीखालून दुसऱ्या गाडीत शिरणारा. प्रतिभाने फोन उघडून त्याच्या हातात दिला आणि त्याच्या बोटांवरून नजर हलवली नाही. त्याने थोडा वेळ फोन बघितला, थोडा वेळ स्क्रीन बघितला.

"यात कोणी काही घातलेलं नाही, मावशी," तो म्हणाला. "वायर कुठंय?"

"घरी आहे. तांदळाच्या डब्यात."

त्याने एकदा तिच्याकडे आणि एकदा गोटीरामकडे बघितलं. "ती काढून गाडीत लावा. किंवा नवीन घ्या, चांगल्यातली. वायर नाही म्हणून फोन वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही लावून बसलाय. वर हॉटस्पॉट चालू, तो कशाला पाहिजे? लोकेशन दिवसरात्र चालू. मग बॅटरी राहील कशी? आणि सगळ्यात जास्त खाल्लंय ते मॅपने." त्याने नकाशा उघडला आणि स्क्रीन गोटीरामच्या बाजूला जरा वळवून बोट ठेवलं. "हे बघा ना. तिन्ही शुक्रवारी येवला, मनमाड, चांदवड. पहिल्या दोन्ही वेळा चांदवडला तास-तासभर थांबलाय फोन, तरी मॅप चालूच; तिसऱ्या वेळी तिथं पोचायच्या आधीच मेलाय. थांबल्यावर बंद करत जा. त्याच्या आधीचं काहीच दिसत नाही, आधी कोणीतरी नेमाने पुसत असणार. घरात कोणाला तरी कळतंय म्हणायचं."

प्रतिभाने मनात मोजलं. तीन शुक्रवार, म्हणजे तिने कुलूप-नंबर बदलला त्या शुक्रवारपासूनचे. त्याआधीच्या दर शुक्रवारी संध्याकाळी फळीशी उभी राहून निकिता काय करत होती ते तिला आत्ता कळलं, आणि आता कळून उपयोग नव्हता. गोटीराम स्क्रीनवरच्या त्या चांदवडच्या ठिपक्याकडे बघत होता. घरी येईपर्यंत प्रतिभाने दोनदा चुकीचा गिअर टाकला.

अंगणात उतरल्या उतरल्या त्याने सुनेला हाक मारली. निकिता हात पुसत बाहेर आली. तिच्या मागोमाग कुंदनही, नुकताच झोपेतून उठलेला.

"तुझी सासू शुक्रवारचं चांदवडला कुठं जाती?"

निकिताने सासूकडे बघितलं. क्षणभरच. मग सासऱ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "माझ्या मावशीकडे, नाना. मीच सांगितलं होतं. मावशी आजारी असते, तिला देवाची फुलं लागतात. तुम्हाला आवडणार नाही म्हणून फोनमधलं मीच पुसत होते. चूक माझी आहे."

इतकं सफाईने बोलली, की प्रतिभाला त्या अवस्थेतही वाटून गेलं, या पोरीचं कधी खरं मानायचं नाही. गोटीराम बायकोकडे वळला. त्याला फक्त तिची मान हललेली हवी होती. मान हलवली की चांदवड वाचत होतं, साई वाचत होता, पुढचा शुक्रवार आणि त्यापुढचे सगळे शुक्रवार वाचत होते. फक्त ही पोर, चोरून फोन बघणारी, सासऱ्याशी लपवाछपवी करणारी ठरून, पिशवी भरून माहेरी गेली असती. तिने तर अजून डोळेही खाली घातले नव्हते.

"ती खोटं बोलतेय," प्रतिभा म्हणाली. "तिची कोणी मावशी नाही तिकडे. मी तृप्तीकडे जाते. दोन वर्षं झाली. तिला मुलगा आहे. काय करायचं ते मला करा, हिचं नाव घेऊ नका."

चार वर्षांनी ते नाव त्या अंगणात उच्चारलं गेलं होतं. प्रतिभा सुनेकडे वळली, कारण नवऱ्याकडे बघायचा तिला धीर नव्हता. "तुला कसं कळलं गं? आणि कळलं तर माझ्यासाठी पुसत का बसलीस? मी तुझ्याशी कधी धड बोलले तरी का?"

"तृप्तीताईंनीच सांगितलं होतं," निकिता म्हणाली. "माझं लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांचा फोन आला. म्हणाल्या, आईला फोनमधलं पुसायचं कळत नाही, तू पुसत जा. आणि तिला सांगू नकोस, घरात कोणाला कळलं म्हटलं की ती यायची बंद होईल."

"तिला तुझा नंबर दिला कोणी?"

निकिताने कुंदनकडे बघितलं. कुंदन पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता.

प्रतिभा ओट्यावर बसली. ज्या पोरीला ती घराबाहेर काढायला निघाली होती, ती दीड वर्ष तिची राखण करत होती. तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही.

गोटीराम अजून उभाच होता. आता तो उंबऱ्याचं बोलणार, याची सगळे वाट बघत होते. पण त्याने मुलाकडे बघितलं, मग सुनेकडे, मग बायकोकडे. त्याचा चेहरा रागाने फुलायचा तो पडत गेला. "म्हंजे सगळ्यांना ठावं," तो म्हणाला. "माझ्याच घरात एकट्या मलाच नाय."

"तुम्ही विचारलंत का कधी?" प्रतिभा पदराने डोळे पुसत म्हणाली. "चार वर्षांत एकदा तरी विचारलंत, की पोरगी जेवते का, जिवंत आहे का?"

गोटीराम ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसला. त्याने टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, पुन्हा डोक्यावर घातली. निकिता पाण्याचा तांब्या ठेवून आत गेली. मग तांब्याकडे बघतच, दुसऱ्या कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्याने विचारलं.

"कशी हाय ती?"

प्रतिभाने आधी त्याच्या तोंडाकडे निरखून बघितलं, या विचारण्यात काही डाव तर नाही ना म्हणून. मग तिने सांगायला सुरुवात केली.